गुलामगिरीची भरपाई: अमेरिकेतल्या वादाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना गुलामगिरीची आणि त्यानंतरच्या वांशिक भेदभावाची भरपाई मिळावी का, हा वाद तिथे दर निवडणुकीत डोकं वर काढतो. मराठीत त्याबद्दल फार थोडं लिहिलं गेलंय आणि जे फिरतं त्यात अर्धवट माहिती पुष्कळ असते. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. माझं मत भरपाईच्या बाजूचं आहे. ते लपवलेलं नाही, पण अडचणीही टाळलेल्या नाहीत.

नेमकी मागणी काय आहे?

एकच मागणी नाही. कुणाला रोख रक्कम हवी आहे, कुणाला घरासाठी अनुदान, कुणाला जमीन परत हवी आहे, कुणाला शिक्षणासाठी निधी. सरकारने औपचारिक माफी मागावी, हे मात्र जवळजवळ सगळ्यांच्याच मागणीत असतं. माफी आणि पैसा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायची काळजी अमेरिकी सरकारने नीट घेतली आहे. २००९ साली सिनेटने गुलामगिरीबद्दल माफीचा ठराव केला आणि या ठरावाच्या आधारे सरकारविरुद्ध कोणताही दावा करता येणार नाही, हे त्याच ठरावात लिहून टाकलं.

ही मागणी अलीकडची आहे ना?

अजिबात नाही. अमेरिकेची राज्यघटना लिहिली जाण्याआधीपासूनची आहे.

१७८३ साली मॅसॅच्युसेट्समध्ये बेलिंडा नावाच्या वृद्ध स्त्रीने विधिमंडळाकडे अर्ज केला. लहानपणी तिला पश्चिम आफ्रिकेतून पळवून आणलं होतं. आयझॅक रॉयल या श्रीमंत मालकाच्या घराण्यात तिने सुमारे पन्नास वर्षं राबून काढली. मालक इंग्रजांच्या बाजूचा, क्रांतीच्या वेळी पळून गेला. ही संपत्ती माझ्याही कष्टातून उभी राहिली आहे, त्यातून मला आणि माझ्या आजारी मुलीला पोटापुरतं मिळावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. वर्षाला १५ पौंड १२ शिलिंग मंजूर झाले, पण ते नियमित मिळेनात, म्हणून तिला पुन्हा पुन्हा अर्ज करावे लागले. याच रॉयलने मृत्युपत्रात ठेवलेल्या संपत्तीतून पुढे हार्वर्डमधलं कायद्याचं पहिलं अध्यासन सुरू झालं.

हेन्रिएटा वुडची हकीकत आणखी चकित करणारी आहे. तिला १८४८ मध्ये सिनसिनाटीत कायदेशीर स्वातंत्र्य मिळालं होतं. १८५३ मध्ये तिला पळवून पुन्हा विकण्यात आलं. उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या राज्यांमधल्या यादवी युद्धानंतर (१८६१ ते १८६५) ती परतली, पळवणाऱ्यांपैकी झेब्युलन वॉर्ड याच्यावर तिने दावा लावला आणि १८७८ मध्ये ज्यूरीने तिला २,५०० डॉलर मंजूर केले. मागितले होते २०,०००. तरीही ती रक्कम तिच्या हातात पडली. तिचा मुलगा आर्थर पुढे शिकागोत वकील झाला. एका पिढीला मिळालेल्या भरपाईने पुढच्या पिढीचं काय होऊ शकतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आणि कॅली हाउस. गुलामगिरीत जन्मलेली, नॅशव्हिलमध्ये लोकांचे कपडे धुऊन मुलं वाढवणारी विधवा. यादवी युद्धातल्या सैनिकांना पेन्शन मिळते, मग जन्मभर फुकट राबलेल्यांना का नाही, असा तिचा सवाल होता. तिने गावोगाव फिरून माजी गुलामांची संघटना बांधली. १९१५ मध्ये या चळवळीने सरकारवर ६ कोटी ८० लाख डॉलरचा दावा लावला. युद्धाच्या काळात आणि नंतर सरकारने कापसावर जो कर वसूल केला होता, ती ही रक्कम. न्यायालयाने सरकारवर असा दावा चालत नाही म्हणून तो फेटाळला. मग टपालातून फसवणूक केल्याचा आरोप कॅलीवरच ठेवण्यात आला. सरकार अशी पेन्शन कधी देणारच नाही, तेव्हा तिच्यासाठी वर्गणी गोळा करणं हीच फसवणूक, असा तो युक्तिवाद. १९१७ मध्ये तिला एक वर्षाची शिक्षा झाली.

‘चाळीस एकर आणि एक खेचर’ ही दंतकथा आहे का?

यादवी युद्धाच्या शेवटी माजी गुलामांना एवढं देऊ केलं होतं, असं म्हणतात. खेचराचा भाग लष्करी हुकुमात नव्हता, लष्कराने काहींना खेचरं नंतर दिली. चाळीस एकर मात्र कागदावर आहेत.

१२ जानेवारी १८६५ च्या रात्री जॉर्जियातल्या सव्हाना शहरात जनरल विल्यम शर्मन आणि युद्धमंत्री एडविन स्टँटन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मगुरूंना भेटीला बोलावलं. त्यांच्या वतीने बोलले ६७ वर्षांचे गॅरिसन फ्रेझियर. युद्धाच्या काही वर्षं आधी त्यांनी हजार डॉलर मोजून स्वतःला आणि पत्नीला विकत घेतलं होतं. तुम्हाला काय हवं, या प्रश्नावर त्यांनी सांगितलं: जमीन द्या, ती आम्ही स्वतःच्या कष्टाने कसू. चार दिवसांनी शर्मनचा हुकूम निघाला. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनपासून फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीपर्यंतचा किनारपट्टा, सुमारे चार लाख एकर, प्रत्येक कुटुंबाला चाळीस एकरांपर्यंत. काही महिन्यांतच सुमारे ४०,००० माणसं तिथे जमीन कसू लागली.

एप्रिलमध्ये लिंकन यांची हत्या झाली. नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी बंडखोर जमीनदारांना माफी दिली आणि शरद ऋतूत जमिनीही परत करायला लावल्या. हे सांगायचं काम माजी गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचे प्रमुख जनरल ऑलिव्हर हॉवर्ड यांच्यावर आलं. ऑक्टोबरमध्ये ते साउथ कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावरच्या चर्चमध्ये जमलेल्या लोकांसमोर उभे राहिले. तिथल्या लोकांनी नंतर अध्यक्षांना अर्ज लिहिला. ज्या मालकांनी आम्हाला फटके मारले त्यांच्याच हाताखाली आम्हाला पुन्हा का घालता, हा त्याचा आशय होता. उपयोग झाला नाही. आज अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, पडून असलेल्या भरपाईविषयीच्या विधेयकाला ४० हा क्रमांक दिला जातो तो या चाळीस एकरांवरून.

म्हणजे तेव्हा कुणालाच भरपाई मिळाली नाही?

मिळाली की. मालकांना मिळाली! माझ्या मते या सगळ्या वादातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे आणि तीच सर्वांत कमी लोकांना माहीत असते.

१६ एप्रिल १८६२ रोजी राजधानी वॉशिंग्टनमधली गुलामगिरी कायद्याने संपली. सुमारे ३,१०० माणसं सुटली. प्रत्येक माणसामागे मालकाला ३०० डॉलरपर्यंत सरकारी तिजोरीतून देण्यात आले. सुटलेल्यांसाठी काय होतं? देश सोडून जायला तयार असाल तर १०० डॉलरपर्यंत.

ब्रिटनने हेच फार मोठ्या प्रमाणावर केलं. १८३३ च्या कायद्याने वसाहतींमधली गुलामगिरी संपवताना मालकांसाठी २ कोटी पौंड ठेवले, म्हणजे सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या सुमारे ४० टक्के. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा भाग २०१५ साली फिटला. ज्यांना ‘मुक्त’ केलं त्यांनी मात्र ‘शिकाऊ’ म्हणून आणखी काही वर्षं त्याच मालकाकडे बिनपगारी राबायचं होतं. ती पद्धत १८३८ मध्ये बंद पडली.

या पैशातले २० लाख पौंडांहून अधिक मॉरिशसच्या ऊसमळेवाल्यांना गेले. स्वतंत्र झालेली माणसं मळ्यांवर राहायला तयार नव्हती, म्हणून मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर आणले. त्यात कोकणातली मराठी कुटुंबंही होती आणि त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. मॉरिशसने २००९ मध्ये सत्य आणि न्याय आयोग नेमला. गुलाम आणि गिरमिटिये या दोघांच्याही इतिहासाची, त्यांच्या बळकावलेल्या जमिनींची चौकशी करून त्याने २०११ मध्ये अहवाल दिला.

हैतीचं तर सगळंच उलटं. तिथल्या गुलामांनी बंड करून स्वतःचं राष्ट्र उभारलं. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून १५ कोटी फ्रँकची मागणी केली, फ्रेंच मळेवाल्यांचं नुकसान झालं म्हणून. पुढे ती रक्कम कमी झाली, पण ती भागवण्यासाठी काढलेली कर्जं फेडायला १९४७ साल उजाडलं.

तेव्हा ‘इतक्या जुन्या गोष्टीचा हिशेब कसा करणार’ असं कुणी विचारलं की मला मालकांना दिलेल्या भरपाईच्या नोंदवह्या आठवतात. माणशी किंमत, मालकाचं नाव, दिलेली रक्कम, सगळं लिहिलेलं आहे. हिशेब तेव्हाच झाला होता. फक्त नुकसान कुणाचं झालं, हे चुकीचं ठरवलं गेलं.

पण गुलामगिरी संपून दीडशे वर्षं उलटली. आज कोण जिवंत आहे?

१८६५ मध्ये गुलाम असलेलं कुणीही नाही, हे खरं. २०१९ मध्ये सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनल यांनी हाच मुद्दा मांडला होता. पण मागणी फक्त १८६५ पर्यंतची नाही.

१९३० च्या दशकात सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे काढून कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगात दाखवल्या. कर्जाला धोकादायक, असा त्याचा अर्थ. १९३४ पासून सरकारी हमीच्या गृहकर्जातून त्या वस्त्या वगळल्या गेल्या. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात शेतमजूर आणि घरकाम करणारे बसवलेच नाहीत आणि दक्षिणेत ही कामं बहुतेक कृष्णवर्णीयच करत. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी स्वस्त कर्जाची योजना आली. मिसिसिपीमध्ये १९४७ च्या उन्हाळ्यापर्यंत या योजनेखाली ३,२२९ कर्जं दिली गेली, त्यातली कृष्णवर्णीय सैनिकांना २. घरविक्रीतला भेदभाव कायद्याने बंद झाला १९६८ मध्ये. त्या काळात घर नाकारली गेलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत आणि त्यांची मुलं नोकरीत.

अमेरिकेत सामान्य कुटुंबाची संपत्ती म्हणजे मुख्यतः घर. ते आईबापांकडून मुलांकडे जातं, त्यावर कॉलेजचं कर्ज निघतं. २०२२ च्या फेडरल रिझर्व्हच्या पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची (निम्मी कुटुंबं त्याच्या वर, निम्मी खाली) संपत्ती २,८५,००० डॉलर होती, मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. सहा पटींहून जास्त फरक. तो एका पिढीच्या आळसातून किंवा उधळेपणातून येत नाही.

आणि जुन्या देण्यांचं म्हणाल, तर यादवी युद्धातल्या एका सैनिकाच्या मुलीला, आयरीन ट्रिपलेट यांना, अमेरिकी सरकार २०२० मध्ये त्या वारेपर्यंत महिना ७३ डॉलर १३ सेंट पेन्शन देत होतं. युद्ध संपून १५५ वर्षं झाली होती.

आम्ही तर नव्वदच्या दशकात व्हिसावर अमेरिकेत आलो. आमच्या करातून का?

हा प्रश्न न्यू जर्सी आणि बे एरियातल्या मराठी घरांत खूप ऐकू येतो. तो प्रामाणिक आहे, त्याला उडवून लावू नये.

माझं उत्तर असं. भरपाई गोऱ्या माणसांकडून मागितलेली नाही, सरकारकडून मागितलेली आहे. कायदे, नकाशे, हुकूम सरकारचे होते आणि सरकार ही अखंड चालणारी संस्था आहे. आपण शेत विकत घेतो तेव्हा सातबाऱ्यावरचा बोजाही आपल्याकडे येतो. तो आपण चढवलेला नसतो. नव्या नागरिकाला त्या देशाचे रस्ते, विद्यापीठं, न्यायालयं तयार मिळतात, तशी जुनी देणीही येतात.

दुसरंही एक आहे. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निर्णय दिला की भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळणार नाही. ते दार १९४६ मध्ये थोडं उघडलं आणि खऱ्या अर्थाने १९६५ च्या स्थलांतर कायद्याने. तो कायदा नागरी हक्क चळवळीच्या लाटेवर आला. ज्यांच्या लढ्यामुळे आपल्याला तिथे जाता आलं, त्यांच्या मागणीकडे परक्यासारखं पाहणं मला पटत नाही.

आफ्रिकेतल्या राजांनीही माणसं विकली होती ना?

विकली होती. त्यामुळे विकत घेणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. आणि १९३४ चे गृहकर्जाचे नियम कुठल्याही आफ्रिकी राजाने केले नव्हते.

महाराष्ट्राचा या सगळ्याशी काही संबंध?

आहे, आणि तो फक्त सहानुभूतीचा नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं ते गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. ड्यू बॉइस यांचं उत्तरही आलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचं नाव घेऊन.

पैशाचा धागाही आहे. गुलामांनी पिकवलेला अमेरिकी कापूस युद्धामुळे थांबला तेव्हा १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांनी अफाट पैसा केला. युद्ध संपताच भाव कोसळले आणि निम्मी पेठ बुडाली.

हे आपल्या आरक्षणासारखंच आहे का?

नाही. आपल्याकडचं आरक्षण प्रतिनिधित्वासाठी आहे. नोकऱ्यांत ज्यांना पुरेसं स्थान नाही त्यांना ते मिळावं, ही घटनेतली भूमिका आहे. भरपाई म्हणजे झालेल्या विशिष्ट नुकसानीचं देणं. ते एकदा चुकतं झालं की संपतं. अमेरिकेत आरक्षणाच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करणं. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला मनाई केली.

पात्र कोण, हे कसं ठरवणार?

ही खरी अडचण आहे. भरपाईचा विचार करायला कॅलिफोर्निया राज्याने नेमलेल्या अभ्यासगटात यावर २०२२ मध्ये मतदान झालं आणि ५ विरुद्ध ४ मतांनी वंशावळीचा निकष ठरला. म्हणजे त्वचेच्या रंगावरून नाही, तर एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत असलेल्या कृष्णवर्णीय पूर्वजांवरून. कालपरवा नायजेरियातून आलेला डॉक्टर त्यात बसत नाही. वंशाच्या आधारावर पैसे वाटले तर न्यायालय रद्द करेल, ही भीती त्यामागे आहेच.

पण वंशावळ काढायची कशी? १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची नावंच नाहीत. मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग, रंग. बहुतेक माजी गुलाम नावानिशी पहिल्यांदा दिसतात ते १८७० च्या जनगणनेत. त्याआधीचं शोधायचं तर मालकांची मृत्युपत्रं, विक्रीखतं, चर्चच्या नोंदी चाळाव्या लागतात. एक मोठा आधार माजी गुलामांसाठी काढलेल्या फ्रीडमन्स बँकेच्या नोंदींचा आहे. खातं उघडताना तिथे आईवडील, भावंडं, जुन्या मालकाचं नाव विचारून लिहून घेत. ती बँक १८७४ मध्ये बुडाली आणि सुमारे ६१,००० खातेदारांचे जवळजवळ ३० लाख डॉलर अडकले. पुंजी गेली, नावं उरली.

एकूण रक्कम किती होते?

कशाचा हिशेब धरता त्यावर आहे. अर्थतज्ज्ञ विल्यम डॅरिटी आणि लेखिका कर्स्टन मलन आजच्या संपत्तीतली दरी भरून काढायचा हिशेब धरतात. तो सुमारे १४ लाख कोटी डॉलरपर्यंत जातो. २०२३ मध्ये अमेरिकी केंद्र सरकारचा वर्षाचा खर्च ६ लाख कोटींच्या आसपास होता. एका वर्षात देता येण्यासारखा हा आकडा नाही आणि तसा आग्रहही नाही.

अमेरिकेने यापूर्वी कुणाला भरपाई दिली आहे का?

हो. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबलं होतं. १९८८ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी कायद्यावर सही केली आणि हयात असलेल्या सुमारे ८२,००० जणांना प्रत्येकी २०,००० डॉलर आणि माफीचं पत्र मिळालं. फ्लोरिडातलं रोझवूड हे कृष्णवर्णीयांचं गाव १९२३ मध्ये गोऱ्या जमावाने जाळलं होतं. १९९४ मध्ये तिथल्या विधिमंडळाने वाचलेल्यांना भरपाई दिली.

मग कोर्टात का जात नाहीत?

गेले, अनेकदा. मुदत संपली, सरकारवर दावा चालत नाही, तुमचं व्यक्तिगत नुकसान सिद्ध होत नाही, यांपैकी एका कारणाने प्रकरणं फेटाळली जातात. १९२१ मध्ये टल्सा शहरातली ग्रीनवुड ही भरभराटीची वस्ती जमावाने जाळली. त्यातून वाचलेल्या, शंभरी ओलांडलेल्या दोन स्त्रियांचा दावा ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये फेटाळला. इथे तर पीडित स्वतः हजर होत्या. ‘आज कोण जिवंत आहे’ असं विचारणाऱ्यांनी हा निकाल जरूर पाहावा.

विरोध करणारे सगळे वंशवादी आहेत का?

नाहीत. नागरी हक्क चळवळीतले बायर्ड रस्टिन यांचा या मागणीला विरोध होता. राज्यशास्त्राचे अभ्यासक अ‍ॅडॉल्फ रीड डावे आहेत आणि त्यांना वाटतं की यामुळे कामगारवर्गात फूट पडते, त्यापेक्षा सर्वांसाठी आरोग्यसेवा आणि रोजगार मागावा. तरुण कृष्णवर्णीय लेखक कोलमन ह्यूज यांनी २०१९ मध्ये काँग्रेससमोर विरोधात साक्ष दिली. जे भेदभावाचे प्रत्यक्ष बळी होते त्यांना द्या, वंशजांना नको, असं त्यांचं म्हणणं होतं.

रीड यांचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. पण सर्वांसाठीच्या योजना १९३५ मध्येही आल्या होत्या आणि त्यातून कोण वगळलं गेलं ते वर लिहिलं आहे.

प्रत्यक्षात कुठे काही दिलं गेलंय का?

छोट्या प्रमाणावर, हो. शिकागोजवळच्या एव्हन्स्टन शहराने २०१९ मध्ये गांजाविक्रीवरच्या कराचे एक कोटी डॉलर यासाठी बाजूला काढायचं ठरवलं. १९१९ ते १९६९ या काळात तिथे राहिलेल्या कृष्णवर्णीयांना किंवा त्यांच्या थेट वंशजांना प्रत्येकी २५,००० डॉलर. आधी ते फक्त घरासाठी होते, नंतर रोख घ्यायचीही मुभा दिली. २०२४ मध्ये या योजनेवरही खटला भरला गेला.

कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचवर विला आणि चार्ल्स ब्रूस या जोडप्याने १९१२ मध्ये समुद्रकाठी जागा घेऊन कृष्णवर्णीयांसाठी विश्रामस्थान चालवलं होतं. १९२४ मध्ये शहराने बागेच्या नावाखाली सक्तीचं भूसंपादन केलं आणि जागा कित्येक वर्षं तशीच पडून राहिली. २०२२ मध्ये ती वंशजांना परत मिळाली. त्यांनी ती लॉस एंजेलिस काउंटीला २ कोटी डॉलरला विकली. भूसंपादनाची कागदपत्रं होती म्हणून हे प्रकरण सुटलं.

संस्थांमध्ये जॉर्जटाउन विद्यापीठ चालवणाऱ्या जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंचं उदाहरण मोठं आहे. १८३८ मध्ये त्यांनी संस्थेचं कर्ज फेडायला २७२ माणसं विकली होती. २०२१ मध्ये त्यांनी वंशजांसाठी १० कोटी डॉलर उभे करायचं वचन दिलं.

काँग्रेसमधल्या विधेयकाचं काय झालं?

एच. आर. ४० हे विधेयक जॉन कॉन्यर्स यांनी १९८९ मध्ये पहिल्यांदा मांडलं. त्यांच्यानंतर ते शीला जॅक्सन ली यांनी लावून धरलं. त्या २०२४ मध्ये वारल्या. २०२५ मध्ये आयाना प्रेस्ली यांनी ते पुन्हा मांडलं. या विधेयकात कुणाला एक डॉलरही द्यायची तरतूद नाही. गुलामगिरीचा आणि तिच्या परिणामांचा अभ्यास करून भरपाईबद्दल शिफारशी करणारा आयोग नेमावा, एवढंच त्यात आहे. एप्रिल २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने ते २५ विरुद्ध १७ मतांनी मंजूर केलं. त्यापुढे ते गेलं नाही. रकमेवर, पात्रतेवर मतभेद असू शकतात, पण अभ्याससुद्धा नको म्हणणाऱ्यांची बाजू मला अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.